वेबसाईटवर टाकलं होतं

शुक्रवार, रात्री पावणेअकरा

झोप येईना म्हणून लिहायला बसले. पाऊस थांबलाय पण पत्र्यावर अजून टपटप चालू आहे, आई केव्हाच झोपली. तसं काही मोठं झालेलं नाही. सकाळी आमच्या नागपूरच्या संत्रा संशोधन संस्थेच्या ऑफिसला एक काका आले आणि मी त्यांना एक वाक्य बोलले, एवढंच. "वेबसाईटवर टाकलं होतं ना काका." दिवसभर तेच कानात घुमतंय, जेवतानापण तेच.

संत्रा बागायतदारांचं ट्रेनिंग आज होणार होतं. पाहुण्यांची तारीख हलली म्हणून ते पोळ्यानंतर गेलं, मला मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता कळलं. तेव्हापासून मी काय काय केलं ते सगळं पाठ आहे, सभागृह, 120 जेवणं रद्द केली आणि केटररचं ऐकून घेतलं, गेस्ट हाऊसच्या खोल्या सोडल्या, फ्लेक्सवाल्याला नवीन तारीख दिली, ज्यांनी नावं नोंदवली त्या सगळ्यांना मेसेज गेले, आणि रात्री घरूनच लॉगिन करून वेबसाईटवर सूचना टाकली. इंग्रजीत आणि हिंदीत. लाल अक्षरात, वरती सरकणाऱ्या पट्टीत, कुणालाही दिसेल अशी.

आज सव्वादहाला गेटवरून दादांचा फोन, मॅडम एक काका आलेत ट्रेनिंगला, काय सांगू. मी खाली गेले. पांढरा सदरा, गुडघ्यापर्यंत चिखलाचे शिंतोडे, हातात वायरची पिशवी. काटोलच्या पुढच्या गावाहून पहिली येष्टी धरून आले होते, काटोल नाक्यावर उतरून ऑटो केला, म्हणजे 60 किलोमीटरच्या वर झालं. मी म्हटलं काका ते ट्रेनिंग पुढे गेलं. ते म्हणाले, "आजच हाय ना बाई?" आणि तेव्हा मी ते बोलले. वाईट आवाजात नाही, उलट हसून बोलले, रोज फोनवर दहा जणांना बोलते तसंच.

ते काही म्हणाले नाहीत. सदऱ्याच्या खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात घडी केलेला कागद. हळूहळू उलगडला, घडीवर थोडा ओला झाला होता. "हे पाहा ना बाई. पुतण्यानं काढून देल्लं, वेबसाईटवरूनच."

माझं पोस्टर होतं ते. मराठीतलं. आजच्या तारखेभोवती निळ्या पेनाने गोल केलेला.

हे पोस्टर मी किती जीव लावून केलं होतं ते मलाच माहीत. सरांना म्हटलं होतं सर शेतकऱ्यांचं ट्रेनिंग आहे, मराठीत एक पान तरी हवंच, ते म्हणाले करा. मग मी घरी बसून केलं, मृग बहार आंबिया बहार असे फुलोऱ्याच्या हंगामांचे आपल्या तोंडचे शब्द घातले, 'फळगळ' मोठ्या अक्षरात घातलं, कारण ऑगस्ट-सप्टेंबरात बागायतदाराच्या डोक्यात दुसरं काही नसतंच. खाली लिहिलं, 'नोंदणीची गरज नाही, थेट या.' तेपण मीच लिहिलं. नाव नोंदवायला मेल करा म्हटलं की अर्धे लोक येतच नाहीत म्हणून. आणि मंगळवारी रात्री सूचना टाकताना हे पोस्टर डाउनलोडच्या पानावर तसंच राहिलं. माझ्या डोक्यातच आलं नाही. तारीख बदलल्याचं इंग्रजीत होतं, हिंदीत होतं, आणि काकांना वाचता येईल अशा भाषेत फक्त जुनी तारीख होती.

थेट या म्हटलं. ते थेट आले.

यावर काका काय म्हणाले तर, "जाऊ द्या जी, तुमचा काय दोष त्याच्यात. आम्हीच फोन करून इचारायला पाह्यजे होतं." ते रागावले असते तर मला झोप आली असती असं वाटतं. मी आधी वेबसाईटवर ढकललं आणि त्यांनी स्वतःवर घेतलं.

मग मी त्यांना वर नेलं, चहा मागवला. शास्त्रज्ञ सगळे फील्डवर नाहीतर मीटिंगमध्ये, शेवटी लॅबमधल्या रिसर्च फेलो पोराला बोलावलं. काकांनी पिशवीतून गळलेली संत्री काढून टेबलावर मांडली, सहा होती, हिरवीच अजून, लिंबापेक्षा जरा मोठी. देठाजवळ तपकिरी डाग, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. बोटाने दाबलं तर खळगा पडला आणि पुन्हा वर आलाच नाही. आंबूस वास. पोराने पहिलाच प्रश्न विचारला, काका खालच्या फांद्यांची आधी गळाली की वरची? "खालचीच ना. जमिनीजवळची." तेव्हा त्याने नीट समजावून सांगितलं, की ती बुरशी मातीत असते, फायटोप्थोरा, मुसळधार पावसात मातीचे शिंतोडे उडतात ते आधी खालच्या फळांना लागतात, तिथून वर चढते. गळलेली फळं झाडाखाली ठेवू नका, उचलून बागेबाहेर खड्ड्यात गाडा, बुडाशी पाणी थांबू देऊ नका, चर काढा. फवारणीचं कागदावर लिहून दिलं. वीस मिनिटं बोलत होता. काका मान डोलवत होते आणि मी त्यांच्या पायांवरच्या चिखलाकडे बघत होते, तेच शिंतोडे. बाबांच्या बागेतपण... असो, ते आज नको.

ते गेल्यावर मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. आणि खरं सांगायचं तर काकांसाठी नाही, स्वतःसाठी रडले. कार्यक्रम नीट झाला की तो आपोआप झालेला असतो. पाहुणे आले, गाडी वेळेवर आली, माईक चालला, चहा गरम होता, यात कुणी काही केलं असं कुणाला वाटत नाही. गेल्या महिन्यात ते परदेशी पाहुणे रात्री अकराला उतरले, गेस्ट हाऊसमध्ये परदेशी माणूस राहिला की त्याची माहिती सरकारी साईटवर 24 तासांच्या आत भरावी लागते, साईट उघडेना, मी पहाटे चारला उठून भरली. महाराजबागेतल्या कृषी महाविद्यालयाची पोरं येतात, शाळांच्या सहली येतात, त्यांना कलमं दाखवायला माळी मिळाला नाही तर मीच दाखवते, जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा कसा भरतात ते, आणि रघुजीराजे भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी औरंगाबादहून रोपं आणली म्हणतात ती गोष्टपण मीच सांगते. माहिती अधिकाराची पानं, टेंडर, लायब्ररीची यादी, सगळं माझ्याकडून वेबसाईटवर चढतं. आणि एक पोस्टर राहिलं. मार्चनंतर माझं कॉन्ट्रॅक्ट वाढतं की नाही तेपण माहीत नाही.

बराच वेळ राग कुणावर तरी काढावासा वाटत होता. हिंदी-इंग्रजीच का, यावर काढला थोडा वेळ. पण राजभाषा नियम 1976 चा आहे, हिंदीच्या वापरासाठी राज्यांचे गट पाडलेत त्यात महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात येतो, केंद्राच्या ऑफिसात त्या दोन भाषा येणारच, आणि हिंदी पंधरवड्याची तयारीपण सध्या मीच करतेय, मनापासून करतेय. मराठी टाकू नका असं कोणत्या नियमात लिहिलंय? कुठेच नाही. पोस्टर टाकलंच होतं ना मी, कुणी अडवलं का. मग सूचना मराठीत टाकायला मला कोण अडवत होतं? दहा मिनिटांचं काम होतं. रात्र झाली होती, थकले होते, हिंदीतलं कळतंच की सगळ्यांना असं मनात म्हटलं आणि लॅपटॉप मिटला.

म्हणजे चुकलं. माझंच चुकलं, आणि असं सरळ लिहिल्यावर जरा बरं वाटतंय, दुपारपासून फिरून फिरून मी हे लिहायचंच टाळत होते बहुतेक. पण तारखेचं चुकलं हे एक, आणि ते वाक्य वेगळं. तारीख कुणाचीही राहू शकते. ते वाक्य मात्र मी रोज बोलते. फोन आला की, वेबसाईटवर आहे. फॉर्म कुठे मिळेल, वेबसाईटवर आहे. मातीचे नमुने कधी घेता, वेबसाईटवर आहे. ते बोलून झालं की माझं काम झालं असं मला वाटतं. समोरच्याचं झालं की नाही ते मी कधी विचारलं आठवत नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर थांबले. जुनं पोस्टर काढलं, नवीन तारखेचं केलं, वरच्या पट्टीत मराठी ओळ टाकली, सर्वांत आधी तीच. मग आतली पानं बघत बसले तर गेल्या वर्षीच्या दोन कार्यक्रमांचीही जुनी पत्रकं निघाली, तीपण काढली. बाहेर पडेपर्यंत आठ वाजले. वाडीकडून येणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती, पाऊस मी म्हणत होता, बर्डीपर्यंत पोचायला पाऊण तास लागला, एरवी चिडले असते.

काकांचा नंबर घेऊन ठेवला होता. घरी आल्यावर लावला, पोचले का विचारायला. घरातल्या कुणीतरी उचलला, म्हणाले बाबा बागेत आहेत बॅटरी घेऊन, दुपारी आल्यापासून फळं वेचून राहिले. मी नवीन तारीख सांगितली. मग पुन्हा एकदा सांगितली, त्यांना लिहून घ्यायला लावली.

ती सहा संत्री लॅबमध्ये ठेवून घेतलीत. आणि टेबलावरच्या कॅलेंडरवर नवीन तारखेच्या चार दिवस आधीच्या चौकोनात लिहून ठेवलंय, पाहुण्यांचं पक्कं आहे का विचारणे, बदललं तर काटोलच्या काकांना आधी फोन.