१८१४ साली हे गाणं नव्हतंच

काल रात्री साडेअकरा वाजता मी नवऱ्याला हलवून उठवलं आणि सांगितलं, अरे माझ्या पुस्तकातली ही बाई १८१४ साली सायलेंट नाइट हे नाताळचं गाणं म्हणतेय. तो म्हणाला, कोण बाई? म्हटलं लेडी कुणीतरी आहे, अर्लची मुलगी, बर्फात बग्गी रुतलीय आणि ज्याच्याशी सहा वर्षांपूर्वी ठरलेलं लग्न मोडलं नेमका त्याच्याच वाड्यावर मुक्काम करायची पाळी आलीय. तो म्हणाला मग म्हणू दे ना बिचारीला, आणि कूस बदलून घोरायला लागला.

म्हणू दे काय म्हणू दे. ते गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं २४ डिसेंबर १८१८ ला, ऑस्ट्रियात साल्झबर्गजवळच्या ओबरनडॉर्फ गावातल्या चर्चमध्ये. शब्द योझेफ मोहर नावाच्या तरुण पाद्र्याचे, ते त्याने १८१६ मध्येच लिहून ठेवलेले, चाल शेजारच्या गावातल्या फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरांची, साथीला फक्त गिटार. (ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली असं सगळीकडे सांगतात, ते मागाहून कुणीतरी रचलेलं आहे, पण मला आवडतं.) आणि हे सगळं जर्मनमध्ये. आपण शाळेत घोकलं ते इंग्रजी भाषांतर १८५९ चं. म्हणजे आमच्या लेडीबाईंनी अजून ४५ वर्षं कळ काढायला हवी होती, तोवर चोविशीची ती सत्तरीला टेकली असती आणि बग्गी कुणीतरी बाहेर काढली असती.

तर मला हे व्यसन आहे. डिसेंबर लागला की मी नाताळच्या छोट्या प्रेमकथा वाचते, शंभर-सव्वाशे पानांच्या, ज्यांचं नाव हमखास एखाद्या कॅरलमधली, म्हणजे नाताळच्या गाण्यातली ओळ असतं आणि ज्यांच्यात दोन माणसं पहिल्या पानावर एकमेकांशी धड बोलत नाहीत आणि नाताळच्या सकाळी चर्चच्या पायरीवर एकमेकांचा हात धरून उभी असतात. मधे बर्फ. बर्फ फार लागतो. मी डोंबिवलीत पंखा दोनवर ठेवून अंगावर चादर घेऊन वाचते, तेवढीच आमची थंडी. कॉलेजात असताना लायब्ररीतून दिवसाच्या भाड्याने मिल्स अँड बून आणायचे, कव्हरला वर्तमानपत्र घालायचं, आता मोबाइलवर वाचते त्यामुळे वर्तमानपत्र वाचलं. पण नाताळवाल्या गोष्टींचं वेड त्याच्याही आधीचं आहे, ते शाळेतल्या क्वायरमुळे लागलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर नोव्हेंबरपासून कॅरल बसवून घ्यायच्या आणि आम्ही दामले-कुलकर्णी-पाटील मंडळी अर्थाबिर्थाच्या भानगडीत न पडता बेंबीच्या देठापासून म्हणायचो. पार्ट्रिज म्हणजे मोर असणार अशी माझी आठवीपर्यंत खात्री होती. तो तित्तर निघाला.

पण एकदा गाण्यांच्या तारखा कळायला लागल्या ना की या कथा वाचणं अवघड होऊन बसतं. त्यातल्या निम्म्याशिम्म्या रीजन्सी काळात घडतात, म्हणजे इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारी आणि त्याचा मुलगा रीजंट म्हणून कारभार बघतोय ती १८११ ते १८२० ची वर्षं, कारण तेव्हाचे कपडे छान होते आणि बोलण्याची रीत अशी की नुसतं ‘आज हवा बरी आहे’ म्हटलं तरी समोरच्याच्या काळजात कळ यावी. तिथे लेखिका सजवलेलं झाड उभं करते, त्याखाली भेटी, दारात कॅरल म्हणणारी पोरं, शेकोटीवर शुभेच्छापत्रांची रांग. आता झाड राजघराण्यात होतं, शार्लट राणीने १८०० मध्ये विंडसरला लावलेलं, पण घरोघरी गेलं ते व्हिक्टोरिया राणी आणि तिचा नवरा अल्बर्ट यांचं झाडाभोवतीचं चित्र १८४८ मध्ये साप्ताहिकात छापून आल्यानंतर. कार्ड १८४३ चं. आणि हार्क द हेरल्ड या देवदूतांच्या कॅरलचे शब्द जुने, १७३९ चे, पण ज्या चालीवर आपण म्हणतो ती मेंडेल्सन या जर्मन संगीतकाराने १८४० मध्ये लाइपझिगला गुटेनबर्गच्या छपाईच्या उत्सवासाठी केली होती, छापखान्यातले खिळे जुळवणाऱ्या माणसाच्या कौतुकाची चाल ती, देवदूतांना १८५५ मध्ये मिळाली.

गंमत म्हणजे त्या काळात कॅरल म्हणणं मरत चाललं होतं. डेव्हिस गिल्बर्ट नावाचा कॉर्नवॉलकडचा खासदार, त्याने १८२२ मध्ये जुन्या कॅरलचं बारकंसं पुस्तक काढलं तेच मुळी आता हे सगळं विसरलं जाणार या काळजीने, आणि १८३३ मध्ये विल्यम सँडिसने मोठं काढलं, फर्स्ट नोएल आपल्यापर्यंत आलं ते त्यातून. म्हणजे जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घेणारे लोक असतात ना तसे. आणि आमच्या कथेतला वाडा मात्र रोज रात्री नवनवीन गाण्यांनी दुमदुमतोय.

खऱ्या रीजन्सी नायिकेकडे काय होतं? हॉली-आयव्हीच्या हिरव्या फांद्या, पुडिंग, आणि मिसलटो, म्हणजे घरात टांगायची ती फांदी, जिच्याखाली सापडलं की मुका. त्याचा नियम मला फार आवडतो, एक मुका घेतला की त्याची एक पांढरी बी तोडायची, बिया संपल्या की मुके बंद. म्हणजे रेशनवरचा रोमान्स. एवढं आयतं कथानक समोर असताना या बायका सायलेंट नाइटच्या मागे का लागतात कळत नाही.

आणि बारा दिवसांचं गाणं होतं, ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस, ज्यात नाताळचे बारा दिवस प्रियकर रोज एक नवी भेट पाठवतो! ते चालतं, त्याला माझी पूर्ण परवानगी आहे, कारण ते १७८० मध्ये लंडनला मुलांच्या पुस्तकात छापलेलं आहे. मुळात तो घरातला खेळ, प्रत्येकाने आधीच्या सगळ्या भेटी उलट क्रमाने म्हणत एकेक वाढवायची, चुकला की दंड. आता दंड काय असेल हे प्रेमकथा लिहिणारीला सांगावं लागत नाही. त्यात ते ‘कॉलिंग बर्ड्स’ म्हणतो ना आपण, ते छापलंय ‘कॉली’, म्हणजे कोळशासारखे काळे पक्षी. ‘कॉलिंग’ झालं आणि पाच अंगठ्यांशी येऊन सगळे जो सूर ताणतात तोही आला तो १९०९ मध्ये फ्रेडरिक ऑस्टिनने चाल बांधली तेव्हा. म्हणजे रीजन्सी नायिकेने अंगठ्यांवर सूर ताणला की परत गुन्हा.

मी एकदा बसून हिशोब केला. गाण्याप्रमाणे रोज आधीचं सगळं परत द्यायचं म्हटलं तर बारा दिवसांत ३६४ वस्तू होतात. त्यातल्या १८४ पक्षी. तित्तर, होले, कोंबड्या, काळे पक्षी, अंडी घालणाऱ्या बदकिणी आणि राजहंस, त्यातले राजहंसच ४२. अंगठ्या ४०, त्या ठीक आहेत, त्या मी ठेवून घेईन. उरलेली १४० माणसं, दूध काढणाऱ्या, नाचणाऱ्या, उड्या मारणारे लॉर्ड, पिपाणीवाले, ढोलवाले. आमच्या टू बीएचकेत कुणी खऱ्या प्रेमाने हे पाठवलं असतं तर सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिसऱ्या दिवशीच नोटीस लावली असती. या गाण्यावरच्या कथांमध्ये मात्र लेखिका बहुतेक पाठवणारा कोण एवढंच गूढ ठेवतात. अहो, पाठवणारा राहू द्या बाजूला, त्या घेणारीचं काय झालं? गाण्यात तिने एकदाही थँक्यू म्हटलेलं नाही. बारा दिवस नुसती यादी वाचतेय. मला तर वाटतं ती हे सगळं मैत्रिणीला वैतागून सांगतेय.

बाकी कॅरलमध्ये प्रेमप्रकरण असं शोधायला गेलं तर जवळपास नसतंच, गोठा, तारा, मेंढपाळ, त्यात नायक-नायिका बसवणार कुठे. अपवाद जिंगल बेल्स, आणि तेही बिचारं कॅरल नाहीच. जेम्स पिअरपाँटने १८५७ मध्ये छापलं तेव्हा नाव वेगळंच होतं, एका घोड्याच्या उघड्या गाडीचं, आणि अख्ख्या गाण्यात नाताळ हा शब्द नाही. पण दुसरं कडवं बघा, जे आपण कधीच म्हणत नाही. पठ्ठ्या फॅनी ब्राइट नावाच्या मुलीला शेजारी बसवून फिरायला निघालाय, घोडा मरतुकडा, बर्फाच्या ढिगाऱ्यात घुसतो आणि गाडी उलटी. म्हणजे बर्फ आहे, अपघात आहे, दोघंच आहेत, सगळा मालमसाला त्याने चार ओळींत देऊन ठेवलाय. आणि आपण पाचवीच्या पोरांना सांताच्या टोप्या घालून तेच टाळ्या वाजवत म्हणायला लावतो.

दुसरी फॅनी मात्र मला हसू देत नाही. हेन्री लाँगफेलो, आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकात भेटलेला अमेरिकन कवी. पहिली बायको वारल्यानंतर १८३६ मध्ये त्याला स्वित्झर्लंडमध्ये फॅनी ॲपल्टन भेटली. हा प्रेमात, ती नाही. मग याने काय करावं, तर तिच्यावर नायिका बेतून १८३९ मध्ये चक्क एक प्रेमकथा छापली, बॉस्टनमधल्या सगळ्यांना ती कोण ते कळलं आणि ती चिडली. (लेखकांनी नोंद घ्यावी.) सात वर्षं असं चाललं. शेवटी मे १८४३ मध्ये तिची होकाराची चिठ्ठी आली आणि हा गडी, गाडीत बसून राहवेना म्हणून बॉस्टनशेजारच्या केंब्रिजपासून बॉस्टनपर्यंत चालत तिच्या घरी गेला. जुलैत लग्न. इथे कुठलीही शहाणी लेखिका पुस्तक संपवेल, आणि मलाही तिथेच संपलेलं आवडेल.

पण पुढे १८६१ च्या जुलैत घरातच तिच्या कपड्यांना आग लागली. याने सतरंजी गुंडाळून विझवायचा प्रयत्न केला, स्वतः भाजला, दुसऱ्या दिवशी ती गेली. चित्रांत आपण जी त्याची पांढरी दाढी बघतो ती त्यानंतरची, चेहऱ्यावर वस्तरा चालेना म्हणून वाढलेली. दोन वर्षांनी अमेरिकेतलं यादवी युद्ध ऐन भरात, मुलगा नोव्हेंबर १८६३ मध्ये लढाईत जखमी झालेला, आणि त्या नाताळात याने घंटांची कविता लिहिली, जी पुढे कॅरल म्हणून गायला लागले. त्यात घंटा आहेत, तोफा आहेत, पृथ्वीवर शांती नाही असं मान खाली घालून म्हणणं आहे. फॅनी नाही, एक अक्षर नाही. तोफांची कडवी हल्ली गाताना बहुतेक गाळतात. या गाण्याच्या नावावर मी तीन प्रेमकथा वाचल्यात, तिन्हींमध्ये नायक बेकरी चालवतो.

या लाँगफेलोचा दोस्त होता इंग्रज कादंबरीकार डिकन्स. १८४२ मध्ये दोघांची ओळख झाली, त्याच वर्षी लाँगफेलो लंडनला जाऊन त्याच्या घरी राहूनही आला. आणि १८४३ च्या १९ डिसेंबरला डिकन्सने जे छोटं पुस्तक काढलं, अ ख्रिसमस कॅरल, त्याच्या नावातच कॅरल आहे, प्रकरणांना त्याने प्रकरण म्हटलंच नाही, ‘स्टेव्ह’ म्हटलं, म्हणजे गाण्याचं कडवं. पाच कडवी. पाच शिलिंग किंमत, नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत पहिल्या ६००० प्रती संपल्या. कॅरलच्या मापाची गोष्ट लिहायचा धंदा तिथून सुरू झाला असं मी तरी मानते. त्यातही मोडलेलं लग्न आहे, त्यातला कंजूष स्क्रूज पैशामागे लागला म्हणून त्याला सोडून गेलेली बेल आहे. आज कुणी लिहिलं असतं तर म्हातारा स्क्रूज तिसऱ्या कडव्यात तिच्या दारात हजर झाला असता, डिकन्सने तिला दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या मुलाबाळांत सुखी दाखवली आणि विषय बंद केला. दारात कॅरल म्हणायला आलेल्या पोरावर स्क्रूज पट्टी उगारतो. माझ्यासारखाच, मी पण तारखांची पट्टी घेऊन धावते.

म्हणजे बघा, १८४३ मध्ये पुस्तक, त्याच वर्षी कार्ड, पाच वर्षांनी झाडाचं चित्र, गाणी नुकती पुस्तकात उतरवून घेतलेली, आणि लोक म्हणतायत आहाहा, आमचा जुना नाताळ. तो जुना नाताळ त्यांच्या डोळ्यासमोर तयार होत होता. आमच्या लेखिकाबाईंनी तो अजून तीस वर्षं मागे ढकलला एवढंच.

हे सगळं मी आज सकाळी आईला फोनवर तावातावाने ऐकवलं. ती ऐकून घेते, मधे हं हं करते. मग मी म्हटलं, आपलं तसं नाही हं, आजीचे अनारसे मला अजून आठवतात, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती पाटावर बसून खसखशीवर थापायची, स्टीलच्या डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवायची, मी पोरांना दरवर्षी सांगते.

आई म्हणाली, अगं, आजीने जन्मात अनारसे केले नाहीत. एकदाच घातले तर सगळे तुपात हसले, तेव्हापासून तिने नाव घेतलं नाही. ते खालच्या मजल्यावरच्या काकू द्यायच्या. पाट त्यांचा, खसखस त्यांची, तू तिथेच जाऊन बसायचीस.

म्हटलं, आणि डबा?

तो पण त्यांचाच. परत द्यायचा राहून गेला बघ.

तो डबा आजीची आठवण म्हणून मी लग्नात हट्टाने मागून आणलाय, त्यात आता पोहे असतात. फोन ठेवून स्टूल घेतलं, खाली काढला, झाकण पुसलं. काठाला नाव कोरलेलं आहे, आमचं नाही, आणि खाली साल, १९७४.