टॅबलेटची बॅटरी बदलण्यापूर्वी

टॅबलेटची बॅटरी पुरत नाही अशी तक्रार घेऊन दुकानात गेले की बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते: बॅटरी बदला. कधीकधी ते बरोबरही असते. पण या एका तक्रारीमागे दोन अगदी वेगळे बिघाड असू शकतात. पहिल्यात बॅटरीची वीज साठवण्याची क्षमताच घटलेली असते. दुसऱ्यात बॅटरी ठणठणीत असते, पण टॅबलेटमधले काहीतरी गरज नसताना वीज ओढत राहते. आपल्याला दिसतो तो फक्त कोपऱ्यातला घसरणारा आकडा, त्यामुळे बाहेरून दोन्ही सारखेच वाटतात. उपाय मात्र निराळे आहेत, आणि दुसऱ्या बिघाडावर पहिल्याचा उपाय केला तर पैसे जातात, तक्रार मात्र तशीच राहते. म्हणून काहीही बदलण्याआधी आणि रीसेट करण्याआधी बिघाड या दोनांपैकी कोणता, हे ठरवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यासाठी दुकानात जावे लागत नाही. घरच्या घरी दोन-तीन रात्रींत ते कळते.

अकोल्याला राहणाऱ्या माझ्या काकूंच्या टॅबलेटचे उदाहरण घेतो. दहा इंची स्क्रीन, ७,००० एमएएचची (एमएएच म्हणजे मिलीअँपिअर-तास, बॅटरीच्या साठ्याचे माप) बॅटरी, सिमकार्डाची सोय असलेला साधा अँड्रॉइड टॅबलेट. कीर्तने, पाककृतींचे व्हिडिओ आणि रात्री आयर्लंडमधल्या लेकीशी व्हिडिओ कॉल, एवढाच त्याचा वापर. “रात्री पूर्ण भरते, सकाळी हातसुद्धा लावत नाही, तरी जेवणं होईस्तोवर निम्म्यावर येते. बॅटरीच गेली असेल, नवीन टाकून दे बाबा,” असे काकू म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यातले ‘हातसुद्धा लावत नाही’ हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. झिजलेली बॅटरी प्रामुख्याने वापराच्या वेळी त्रास देते. न वापरता पडून राहिलेला टॅबलेट जर अर्धा रिकामा होत असेल, तर संशयाची सुई बॅटरीपेक्षा आतल्या खर्चाकडे वळते.

येथे थोडा हिशेब उपयोगी पडतो. बॅटरीवर लिहिलेले एमएएच एक हजाराने भागून तिच्या व्होल्टेजने, म्हणजे साधारण ३.८५ ने, गुणले की वॉट-तास, म्हणजे साठलेल्या ऊर्जेचे माप, मिळतात. ७,००० एमएएचच्या बॅटरीत म्हणजे सुमारे २७ वॉट-तास वीज मावते. मध्यम प्रकाशात व्हिडिओ पाहताना असा टॅबलेट चार वॉटच्या आसपास घेतो असे धरले, तर साडेसहा-सात तास मिळतात. उलट स्क्रीन बंद करून तो नीट झोपला असेल, तर त्याची भूक एक दशांश वॉटच्या आसपास असते, आणि दहा तासांत जेमतेम चार टक्के उतरतात. पण स्क्रीन बंद असूनही आतला प्रोसेसर आणि नेटवर्कशी जोडणारा रेडिओ जागे राहिले, तर हाच खर्च सहज सव्वा वॉटवर जातो आणि दहा तासांत जवळपास निम्मी बॅटरी संपते. काकू सांगत होत्या ते चित्र या शेवटच्या हिशेबाशी तंतोतंत जुळत होते.

अँड्रॉइडने ६.० या आवृत्तीत, म्हणजे २०१५ मध्ये, ‘डोझ’ नावाची व्यवस्था आणली. टॅबलेट न हलता पडून असेल आणि स्क्रीन बंद असेल, तर ही व्यवस्था ॲप्सना वरचेवर जागे होऊ देत नाही. मधूनमधून थोडा वेळ देते आणि तेवढ्यात सगळ्यांनी आपापली कामे उरकायची असतात. तरीही एखाद्या ॲपला प्रणालीकडून जागे राहण्याची मुभा मिळवता येते. तिला ‘वेकलॉक’ म्हणतात. गाणे वाजवणे किंवा फाइल पाठवणे अशा कामांसाठी ती आवश्यकच आहे. मात्र काम अडून बसले आणि ॲप ती मुभा सोडीनासे झाले, तर टॅबलेट रात्रभर डोळे मिटत नाही.

आता चाचणी. पहिल्या रात्री टॅबलेट पूर्ण भरावा, चार्जर काढावा, विमान मोड चालू करावा, टक्के कागदावर लिहावेत आणि सकाळपर्यंत त्याला हात लावू नये. सकाळी दोन ते पाच टक्केच कमी झाले असतील, तर बॅटरी स्वतःहून गळत नाही आणि आतल्या सुट्या भागांतही मोठा दोष नाही, असे समजावे. दुसऱ्या रात्री विमान मोड काढून फक्त वाय-फाय चालू ठेवावे, आणि सिम असेल तर तिसऱ्या रात्री मोबाइल डेटाही. ज्या रात्री आकडा एकदम घसरतो, त्या रात्री जे नव्याने चालू केले होते तिकडे शोध घ्यावा. विमान मोडमध्येही पंधरा-वीस टक्के उतरले, तर आणखी एक रात्र सेफ मोडमध्ये काढावी. त्यात आपण स्वतः टाकलेली ॲप्स बंद राहतात. बऱ्याच टॅबलेटवर बंद करण्याच्या मेनूतला ‘पॉवर ऑफ’ पर्याय दाबून धरला की सेफ मोडची विचारणा होते. तेथे घसरण थांबली तर दोषी आपणच टाकलेल्या ॲप्सपैकी आहे. थांबली नाही तर बॅटरी किंवा आतला एखादा भाग तपासून घ्यावा लागेल.

काकूंचा टॅबलेट विमान मोडमध्ये रात्रभर जवळपास जागचा हलला नाही. नेटवर्क चालू केलेल्या रात्री मात्र तो सकाळपर्यंत निम्म्याच्या खाली आला. बॅटरीवरचा आळ तेथेच दूर झाला.

त्यानंतर सेटिंग्जमधले बॅटरीच्या वापराचे पान उघडले. येथे नुसती टक्केवारी पाहून भागत नाही. यादीतल्या प्रत्येक नावावर बोट ठेवून ते ॲप स्क्रीनवर किती वेळ होते आणि पार्श्वभूमीत किती वेळ चालले, हे दोन आकडे वाचावे लागतात. फोटो जतन करणारे एक ॲप स्क्रीनवर काही मिनिटेच होते, पण पार्श्वभूमीत त्याने कित्येक तास काढले होते. ते उघडल्यावर कारण दिसले. पुतणीच्या लग्नाचा एक लांबलचक व्हिडिओ वर चढण्याच्या (अपलोडच्या) रांगेत अडकला होता. वीज गेली की राउटर बंद पडे, टॅबलेट सिमच्या डेटावर जाई, आतल्या खोलीत सिमला धड रेंज नसे, त्यामुळे चढवणे तुटे आणि पुन्हा सुरू होई. रेंज कमकुवत असली की मोबाइलचा रेडिओ टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो, म्हणून त्या अर्धवट प्रयत्नांची किंमत दुप्पट मोजावी लागत होती. तो व्हिडिओ पेन ड्राइव्हवर उतरवून टॅबलेटवरून काढला, ॲपला फक्त वाय-फायवरून पाठवण्याची परवानगी ठेवली आणि घरात असताना सिमचा डेटा बंद ठेवायला काकूंना शिकवले. पडून असताना होणारी घसरण थांबली.

प्रत्येक वेळी दोषी इतका सहज सापडत नाही. पुष्कळदा यादीत सर्वांत वर ‘अँड्रॉइड सिस्टिम’ किंवा ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’ असे नाव दिसते आणि लोक तेच बंद करायला धावतात. या सेवा इतर ॲप्ससाठी ठिकाण शोधणे, खाती जुळवणे (सिंक), सूचना पोहोचवणे अशी कामे करतात. त्यांच्या नावावरचा खर्च अनेकदा दुसऱ्या कोणाचा असतो. अशा वेळी ठिकाणाची परवानगी कोणाकोणाला आहे ते पाहावे आणि ‘फक्त वापरताना’ असा पर्याय द्यावा. पासवर्ड बदलल्यामुळे एखादे जुने ईमेल खाते पुन्हा पुन्हा जुळवणीचा प्रयत्न करत आहे का, तेही बघावे. नुकतेच मोठे अपडेट आले असेल तर दोन-चार दिवस थांबावे, कारण अपडेटनंतर ॲप्सची नव्याने जुळणी होते आणि तेवढे दिवस खर्च वाढणे स्वाभाविक आहे.

ॲपनिहाय पार्श्वभूमीचा वापर मर्यादित करण्याची सोय चांगली आहे, पण ती सरसकट लावू नये. काकूंच्या टॅबलेटमध्ये रक्तदाबाच्या गोळीची आठवण करून देणारे ॲप आहे. त्यालाही मर्यादित केले असते तर थोडी बॅटरी वाचली असती आणि गोळी चुकली असती. गजर, औषधांची आठवण आणि ज्यावर घरच्यांचे कॉल येतात ते ॲप यांना हात लावू नये.

‘बॅटरी वाचवणारी’ आणि ‘मेमरी साफ करणारी’ ॲप्स मात्र निःसंकोच काढून टाकावीत. ती स्वतःच सतत पार्श्वभूमीत चालतात आणि बंद केलेली ॲप्स पुन्हा सुरू होण्यात अधिक वीज जाते. अलीकडे वापरलेल्या ॲप्सची यादी दर तासाला बोटाने सरकवून रिकामी करण्याची सवयही त्याच कारणाने निरुपयोगी आहे.

वापरात असताना सर्वांत मोठा खर्च स्क्रीनचा असतो. दहा इंची एलसीडी स्क्रीनचा मागचा दिवा हे टॅबलेटच्या विजेचे मुख्य गिऱ्हाईक आहे, त्यामुळे प्रकाश निम्म्यावर आणल्याने मिळणारा वेळ इतर दहा सेटिंग्ज बदलूनही मिळत नाही. काळ्या थीमचा फायदा ओएलईडी स्क्रीनवर होतो, कारण तेथे काळा बिंदू खरोखर बंद असतो. एलसीडीत काळ्या रंगामागेही दिवा जळतच असतो.

आता दुसरी शक्यता, म्हणजे बॅटरी खरोखरच झिजलेली असणे. याचे एक लक्षण सहसा चुकत नाही. तीस टक्के दिसत असताना व्हिडिओ कॉल लावला की टॅबलेट एकदम बंद पडतो, आणि चार्जर जोडल्याबरोबर पुन्हा वीस-पंचवीस टक्के दाखवतो. बॅटरीतला लिथियम-आयन सेल जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला होणारा आतला अडथळा, वाढतो. कमी भार असताना तो ठीक दिसतो, पण कॅमेरा, स्क्रीन आणि रेडिओ एकाच वेळी वीज मागू लागले की त्याचे व्होल्टेज खाली बसते, आणि सुरक्षिततेसाठी टॅबलेट स्वतःला बंद करतो. एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरल्याने टक्के दाखवणारी मोजणी ताळ्यावर येऊ शकते, पण त्याने झिजलेला सेल तरुण होत नाही, आणि वारंवार शून्यावर नेणे तर त्याला अपायकारकच आहे.

अंदाजावर विसंबायचे नसेल तर काहीशे रुपयांना मिळणारा यूएसबी मीटर घ्यावा. तो चार्जर आणि केबल यांच्यामध्ये लावतात. टॅबलेट पाच टक्क्यांच्या आसपास आणून, स्क्रीन बंद ठेवून, शंभरपर्यंत भरावा आणि मीटरवरचे वॉट-तास वाचावेत. एमएएचचा आकडा येथे फसवतो, कारण मीटर तो पाच किंवा नऊ व्होल्टवर मोजतो आणि बॅटरीवरचा आकडा ३.८५ व्होल्टचा असतो. भरताना दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते. २७ वॉट-तासांच्या निरोगी बॅटरीसाठी म्हणून मीटरवर तीसच्या आसपास आकडा यायला हवा. तो अठरा-वीसवरच थांबला, तर सुमारे एक तृतीयांश क्षमता गेली आहे आणि बॅटरी बदलण्याचा निर्णय योग्य आहे.

मीटर हाताशी असताना चार्जरचीही परीक्षा घ्यावी. जुन्या फोनचा पाच व्होल्ट, एक अँपिअरचा चार्जर पाचच वॉट देतो. व्हिडिओ पाहता पाहता त्यावर लावलेला टॅबलेट तासाभरात दोन-चार टक्केही चढत नाही. लांब आणि बारीक केबलमध्येही बरीच वीज वाया जाते.

विदर्भात उष्णतेचा विचार टाळता येत नाही. ॲपल आयपॅडसाठी वापराचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते, आणि अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी पारा ४४-४५ अंशांवर असतो. सेल शंभर टक्के भरलेला आणि गरम, या दोन गोष्टी एकत्र आल्या की झीज वेगाने होते. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करावे, जाड कव्हर काढून आणि गादीवर न ठेवता. काही नव्या टॅबलेटमध्ये ८० किंवा ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. दिवसभर चार्जरजवळ राहणाऱ्यांनी ती जरूर चालू करावी.

स्क्रीनची कड किंवा मागचे झाकण वर आलेले दिसले, तर मात्र कोणतीही चाचणी करत बसू नये. बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच थांबवावे, टॅबलेट दाबू किंवा टोचू नये, आणि तो थेट सेवा केंद्रात द्यावा. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच ती जायला हवी.

बॅटरी बदलायची वेळ आलीच, तर नव्या बॅटरीवरची निर्मितीची तारीख स्वतः वाचावी, कारण लिथियम-आयन सेल दुकानात पडूनही म्हातारा होतो. टॅबलेट घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात यूएसबी मीटरने वॉट-तास मोजावेत, आणि तो आकडा तारखेसह चिकटपट्टीवर लिहून कव्हरच्या आतल्या बाजूला लावावा. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तक्रार उद्भवली, तर साठा घटला की खर्च वाढला हे त्या आकड्याशी ताडून एका दिवसात सांगता येते.