तीच चूक, नऊ वेळा

कोलोरॅडोच्या डोंगरातल्या ॲस्पेनला संगीत महोत्सवासाठी जातोय, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं कारण इतकं शोभिवंत नव्हतं. जुलैत डेन्व्हरचं आमचं घर तापलं होतं, एसी बंद पडला होता आणि दुरुस्तीवाल्याने आठ दिवसांनंतरची तारीख दिली होती. नवरा म्हणाला, डोंगरात जाऊ. मी म्हटलं, मग गाणंबजावणं असेल तिथे जाऊ.

जाताना इंडिपेन्डन्स पासवरून गेलो. हा घाट हिवाळाभर बंद असतो, उन्हाळ्यात उघडतो. माथा १२,०९५ फुटांवर. काही ठिकाणी रस्ता इतका चिंचोळा की समोरून गाडी आली की पोटात गोळा येतो, कठडा तर नावालाही नाही. नवऱ्याने वर थांबून फोटो काढले, मी डोकं धरून गाडीत बसले. विरळ हवेचा त्रास मला होत नाही, असं मी आतापर्यंत छातीठोकपणे सांगत आले होते.

ॲस्पेनमध्ये राहणं परवडणार नव्हतं. एका रात्रीच्या भाड्यात आमचा महिन्याचा किराणा येतो. म्हणून चाळीस मैल खाली ग्लेनवूड स्प्रिंग्जमध्ये मुक्काम टाकला आणि रोज वर-खाली केलं. खरं तर ॲस्पेन हे गाव चांदीच्या खाणींचं. १८९३ मध्ये चांदीचे भाव कोसळले आणि गाव ओस पडत गेलं. मग शिकागोचा एक पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखानदार, वॉल्टर पेप्की, इथे आला. १९४९ मध्ये जर्मन कवी गटेच्या दोनशेव्या जयंतीचं निमित्त करून त्याने इथे मोठा सोहळा भरवला, डॉक्टर आणि तत्त्वज्ञ अल्बर्ट श्वाइट्झर यांना बोलावलं, तंबू ठोकून वाद्यवृंद बसवला. त्यातूनच हा महोत्सव आणि त्याची संगीतशाळा निघाली. खोकी विकून कुणी गाव वसवलं, हे वाचून मला उगाच इचलकरंजी आठवली.

तंबू अजून आहे, म्हणजे २००० साली बांधलेला नवा, पक्का. आत दोनेक हजार माणसं बसतात. पण बाहेरच्या हिरवळीवर बसून ऐकायला पैसे पडत नाहीत. आम्ही अर्थातच हिरवळीवर. सतरंजी अंथरली, धपाटे आणि दाण्याची चटणी काढली. शेजारी चीज, द्राक्षं, वाइन. आणि शांतता! मी फॉइल सोडवलं तर त्याची चुरचुर मलाच ढोलासारखी वाटली. एका सुंदर जागेवर माझ्या तोंडून ‘वा’ निघून गेला. पुढच्या बाईंनी वळून पाहिलं, रागाने नव्हे, काही लागलं का अशा काळजीने. सवाई गंधर्वच्या मांडवात वाढलेल्या माणसाने दाद द्यायची तरी कुठे? मध्यंतरानंतर ढग गडगडायला लागले आणि आम्ही सतरंजी गुंडाळून पळालो. त्या दिवशीचं संगीत मला नीट आठवत नाही, हे कबूल करून टाकते.

आठवतं ते दुसऱ्या दिवशीचं.

बाजारपेठेत गाड्यांना बंदी असलेला एक विटांचा रस्ता आहे. तिथे जमिनीतून पाण्याच्या धारा उडतात आणि मुलं त्यात भिजत असतात. संगीतशाळेतले विद्यार्थी अशा कोपऱ्यांवर येऊन वाजवतात. विशीतली एक मुलगी घडीच्या खुर्चीवर चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, घेऊन बसली होती. वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून तिने स्टँडला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावले होते. चेलोची खालची लोखंडी खुंटी विटांच्या फटीत रोवलेली. ती सुटून सटकली की मुलगी पायानेच पुन्हा फटीत सारायची.

बाख या जर्मन संगीतकाराची रचना वाजवत होती. एका ठिकाणी सूर घसरला. मला वाटलं, रेटून नेईल पुढे. ती थांबली. दोन सूर मागे गेली, तिथूनच उचललं. पुन्हा घसरला. पुन्हा मागे. मग लय निम्मी केली, इतकी संथ की ते बाख आहे हे कळेना. मी मोजत होते, नऊ वेळा. ओलंचिंब एक पोरगं समोर येऊन उभं राहिलं, कंटाळून निघून गेलं. पुढ्यातल्या उघड्या केसमध्ये कुणी पैसे टाकले तरी तिने मान वर केली नाही.

सांगलीच्या आमच्या पेटीच्या बाई आठवल्या. पलटा चुकला की मी साळसूदपणे पहिल्यापासून सुरू करायचे, कारण सुरुवात मला छान यायची. बाई भात्यावरचा माझा हात धरायच्या. “वरून कशाला? पाय घसरला तिथूनच चढ.” प्रवेशिका पूर्ण झाली, लग्न झालं, पेटी विमानातून इथवर आली आणि पलंगाखाली गेली. पाहुण्यांसमोर वाजवायचा आग्रह झाला की मी म्हणते, सवय गेली. चुकलेलं कुणी ऐकू नये, एवढाच त्याचा अर्थ.

चेलोवाल्या मुलीने पाणी प्यायला वाजवणं थांबवलं, तेव्हा धीर करून विचारलं, खोलीत सराव नाही का करायचा?

“खोलीत मी फार छान वाजवते,” ती म्हणाली. “मंगळवारी सरांसमोर वाजवायचंय.”

नवरा तोवर सात डॉलरची कॉफी घेऊन आला होता आणि तिच्या किमतीबद्दल बरंच बोलला. मी त्याला गप्प बसवलं. दहाव्या वेळी ती जागा पार झाली. तिने साधा सुस्कारासुद्धा टाकला नाही, पुढे वाजवत गेली. मी मात्र मोठ्याने ‘वा’ म्हटलं आणि कोण वळून पाहतंय ते पाहिलं नाही.

परतताना घाट टाळून लांबच्या रस्त्याने आलो. घरी एसी अजून बंदच. खिडक्या सताड उघड्या टाकल्या, पलंगाखालून पेटी ओढली, धूळ पुसली. मध्य सप्तकातल्या धैवताची पट्टी दाबली की खालीच राहते, नखाने उचलावी लागते. शेजारचे आजोबा अंगणात झाडांना पाणी घालत होते. पहिलाच पलटा धैवतापाशी अडला. पट्टी नखाने उचलली आणि पंचमापासून पुन्हा धरला.