मुखत्यारपत्र कोणी दिलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कुठे बॉम्बस्फोट झाला, कोणी प्रार्थनास्थळात शिरून गोळ्या झाडल्या, की दोन दिवसांत हा प्रश्न माझ्याकडे येतोच: "एवढं होऊनही तुम्ही त्या धर्माला दोष का देत नाही?" विचारणारी माणसं बहुतेक वेळा माझ्या जवळचीच असतात आणि त्यांचा संताप खरा असतो. मेलेल्या पोरांचे फोटो पाहून माणसाचं रक्त उसळणारच. म्हणून टोलवाटोलवी करत नाही.

आधी माझी चूक सांगते. बरीच वर्षं झाली. असाच एक हल्ला झाला होता, दिवसभर टीव्हीवर तेच चालू होतं. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर मारेकऱ्यांच्याच धर्माचा एक सहकारी बसायचा. मी त्याला सहज म्हणून विचारलं, "तुमच्यात काय म्हणतात याबद्दल?" त्याच्या हातात कागदांचा गठ्ठा होता. तो टेबलावर आपटून आपटून त्याच्या कडा जुळवत राहिला. जुळल्या तरी थांबेना. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझी बहीण त्याच शहरात असते. तिचा फोन आज सकाळी लागला. तोवर घरात कोणी झोपलं नव्हतं."

'तुमच्यात' या एका शब्दाने मी त्याला मारेकऱ्यांच्या रांगेत उभं केलं होतं. ज्यांचं माणूस तिथे अडकलंय, त्यांच्या रांगेत तो असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट बारकाईने बघत आले आहे. प्रत्येक अतिरेकी म्हणतो की मी माझ्या धर्माच्या वतीने हे करतोय. हे मुखत्यारपत्र त्याला कोणी दिलं? त्याच्या धर्माच्या कोट्यवधी लोकांनी तर दिलेलं नाही. पण आपण जेव्हा 'तो धर्मच तसला' म्हणतो, तेव्हा त्याचा दावा आपण मान्य केलेला असतो. त्याच्या मुखत्यारपत्रावर सही आपण करतो.

या दाव्याला सगळ्यात आधी आडवी येतात ती त्याच्याच धर्माची माणसं, आणि तो पहिला उठतो तो त्यांच्यावर. ३० जानेवारी १९४८ ला प्रार्थनेला निघालेल्या गांधींना गोळ्या घालणारा हिंदूच होता. ६ ऑक्टोबर १९८१ ला इजिप्तच्या अन्वर सादात यांना लष्करी संचलनात मारणारे मुसलमान होते. ४ नोव्हेंबर १९९५ ला तेल अवीवमध्ये शांतता सभेनंतर इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांचा जीव घेणारा ज्यू होता. मारेकऱ्यांच्या लेखी या तिघा नेत्यांचा गुन्हा एकच: समोरच्याशी जुळवून घ्यायचं ठरवलं. १६ डिसेंबर २०१४ ला पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये तालिबान्यांनी १३० हून जास्त मुलं मारली. जवळजवळ सगळी मुसलमानांच्या घरातली. त्या मुलांच्या आईबापांना आपण तालिबानबद्दल खुलासा विचारणार आहोत का?

आणि मोजमापही सारखं नसतं. २२ जुलै २०११ ला नॉर्वेत अँडर्स ब्रेविकने ७७ जणांना मारलं. ख्रिस्ती युरोपचं रक्षण करतोय, असं तो स्वतःच सांगत होता. त्यानंतर कोणी आपल्या ओळखीतल्या ख्रिस्ती माणसाला गाठून 'तुमच्यात काय म्हणतात' असं विचारल्याचं मी ऐकलं नाही. विचारायला नकोच होतं. आपल्यातला असला की माथेफिरू, दुसऱ्यातला असला की त्याचा धर्म, हे मी सगळ्याच धर्मांच्या लोकांकडून ऐकलंय.

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. 'अतिरेक्याला धर्मच नसतो' हे वाक्य मला पटत नाही. तो आधार शोधतो तो धर्मग्रंथातच, आणि काही वचनं त्याला सोयीची सापडतात. त्या वचनांचा नीट अर्थ लावायचं काम त्या धर्माच्या माणसांनाच करावं लागतं, आणि ते होतं. सप्टेंबर २०१४ मध्ये १२० हून जास्त मुस्लिम धर्मपंडितांनी इस्लामिक स्टेट या अतिरेकी संघटनेचा म्होरक्या बगदादी याला खुलं पत्र लिहून त्याचा एकेक दावा कुराण-हदीसच्या आधारेच खोडून काढला. येशूच्या मृत्यूचा दोष शतकानुशतकं सगळ्या ज्यूंच्या माथी मारला गेला. त्यापायी किती वस्त्या जळाल्या, किती माणसं मेली! अखेर २८ ऑक्टोबर १९६५ ला कॅथलिक चर्चने अधिकृतपणे मान्य केलं की हा दोष ना त्या काळच्या सगळ्या ज्यूंवर टाकता येतो, ना आजच्या. थोड्या लोकांच्या कृत्यासाठी अख्ख्या धर्माला जबाबदार धरायची सवय सुटायला एवढा काळ जातो. माझा जीव तुटतो तो यासाठीच.

राग सरसकट झाला की त्याला माणूसही नीट दिसत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी, अमेरिकेत ॲरिझोनातल्या मेसा शहरात, बलबीर सिंग सोढी आपल्या पेट्रोल पंपाबाहेर फुलझाडं लावत होते. दाढी आणि पगडी बघून एकाने त्यांना गोळ्या घातल्या. ते शीख होते. मुसलमान असते, तरी त्या हल्ल्याशी त्यांचा तेवढाच संबंध असता. हे दुसरं वाक्य आपण बोलायला विसरतो.

तुम्ही म्हणाल, त्या धर्मातली चांगली माणसं गप्प का बसतात? २१ डिसेंबर २०१५ ला केनियात मांडेरा या गावाकडे निघालेली बस अल-शबाब या सोमालियातल्या इस्लामी अतिरेकी संघटनेने अडवली. प्रवाशांना सांगितलं, मुसलमान आणि ख्रिस्ती वेगळे व्हा. वर्षभरापूर्वी त्याच भागात अशीच निवड करून २८ बिगरमुस्लिम प्रवासी मारले होते, त्यामुळे वेगळं होण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. मुसलमान प्रवासी हलले नाहीत. बायकांनी आपले डोक्यावरचे रुमाल ख्रिस्ती बायकांना दिले. मारायचं तर सगळ्यांना मारा, असं त्यांनी सांगितलं. सलाह फराह नावाच्या मुसलमान शिक्षकाला गोळी लागली आणि महिन्याभरात तो गेला. बंदूक धरणारे आणि फराह, दोघं एकाच धर्माचे. त्या धर्माच्या वतीने बोलायचा अधिकार दोघांपैकी एकाला द्यायचाच असेल, तर मी बंदूकवाल्याला का देऊ?

माझा तो सहकारी आता दुसरीकडे काम करतो. त्या दिवसानंतर महिनाभराने मी त्याची माफी मागितली होती, तेव्हा तो फक्त "असू दे" म्हणाला. परवा पुन्हा तशीच बातमी आली. मी त्याला फोन लावला आणि आधी बहिणीची चौकशी केली.