आरशासमोर तैलरंगातलं सेल्फ पोर्ट्रेट : माझा अनुभव

सेल्फ पोर्ट्रेट बिघडतं ते बहुतेक वेळा रंगात नाही, आरशात. म्हणून पॅलेटवर रंग काढण्याआधी मी अर्धा तास नुसत्या मांडणीला देते.

मी उजव्या हाताने रंगवते, त्यामुळे आरसा ईझलच्या (कॅनव्हास उभा ठेवायच्या घोडीच्या) डावीकडे, कॅनव्हासला जवळजवळ चिकटून. उजवीकडे ठेवला तर हात सारखा आड येतो. अंतर दोन ते अडीच फूट. प्रतिमा आरशामागे तितकीच दूर दिसते, म्हणजे चेहरा आपण चार-पाच फुटांवरून बघत असतो. काचेवर एक डोळा मिटून चेहऱ्याची कड गिरवली, तर ती खऱ्या मापाच्या निम्मीच भरते, पुढेमागे कितीही सरका. त्यामुळे काचेवरून थेट माप घ्यायचं नाही, फक्त प्रमाणं घ्यायची. १६ × २० इंची कॅनव्हासवर मी डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत ८ इंच ठेवते. पूर्ण मापाचं डोकं कॅनव्हासवर सुजल्यासारखं दिसतं.

खरा त्रास मानेचा. नजर कॅनव्हासवरून आरशाकडे गेली की डोकं नकळत वळतं, आणि शेवटी नाक एका कोनातलं, कान दुसऱ्याच कोनातला. यावर उपाय साधा आहे: पावलांभोवती जमिनीवर टेप, आणि काचेवर मार्करचे दोन ठिपके, एक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला, एक हनुवटीला. दर वेळी एक डोळा मिटून आधी ठिपके जुळवायचे, मगच बघायचं.

उजेड एकाच बाजूने, जरा वरून. कॅनव्हासवरही पुरेसा उजेड हवाच. तो अंधारात असला तर आपण रंग नकळत फिके मिसळतो, आणि चित्र उजेडात नेलं की पांढुरकं दिसतं.

पांढऱ्या कॅनव्हासवर टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, कळत नाहीत. आदल्या दिवशी टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेला रॉ अंबर हा तपकिरी रंग लावून मी फडक्याने पुसून घेते. रेखांकनही त्याच रंगात, कारण कोळशाची पूड रंगात मिसळून तो गढूळ करते. मग डोळे किलकिले करून फक्त छाया आणि प्रकाश असे दोनच भाग करायचे. इथे घाई केलेली पुढे कधीच भरून निघत नाही.

त्वचेसाठी टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अलिझरीन क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि रॉ अंबर एवढे पुरतात. पाच टोनचे ढीग आधीच मिसळून ठेवते. उजळपणा आणायला सगळीकडे पांढरा घातला की चेहरा खडूसारखा थंड होतो. तिथे ऑकर वाढवावा. छाया बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनची, पातळ, पांढऱ्याशिवाय. कपाळाला पिवळसर झाक, नाक, गाल आणि कानांना लालसर, जबड्याकडे करडी. आणि डोळ्यातला पांढरा भाग पांढरा नसतोच! वरच्या पापणीच्या सावलीत तो करडाच असतो.

पहिल्या थरात रंग नुसत्या टर्पेंटाईनने पातळ केलेला, दुसऱ्यात थोडं जवसाचं तेल, शेवटच्यात त्याहून जास्त. उलट केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. अंबर एक-दोन दिवसांत सुकतो, अलिझरीनला आठवडा किंवा त्याहून जास्त लागतो, म्हणून तो खालच्या थरात नको. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात; पसरून वाळवावीत.

साम्य हुकल्याचं वाटलं की मी कॅनव्हास आरशाकडे वळवते. उलट्या प्रतिमेत डोळ्यांची तिरकी रेषा लगेच पकडता येते. रंग ओला असेल तर त्यावर वर्तमानपत्र दाबून जास्तीचा रंग उचलते, पॅलेट नाइफने चित्रातला डोळा खरवडते आणि ठिपके जुळवून पुन्हा सुरू करते.