‘कसं ओळखलंत?’

पुण्यात मी प्रौढांना मराठी शिकवते. दोन-चार वाक्यं ऐकली की समोरचा माणूस कुठल्या भागातला, याचा अंदाज मला बहुतेक वेळा येतो. त्यावर ठरलेला प्रश्न असतो : कसं ओळखलंत? शब्दांवरून का?

शब्दांवरून कमी. शब्द माणूस लवकर बदलतो. नागपूरहून आलेला मुलगा थोड्याच दिवसांत ‘काहून’ सोडून ‘का’ म्हणू लागतो. मालवणची मुलगी ‘खंय’ (म्हणजे ‘कुठे’) फक्त घरच्या फोनसाठी राखून ठेवते. वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळा तिथे डोया असतो; जपून बोललं तर तोही झाकता येतो. झाकता येत नाही ते क्रियापद. जेवताना फोन आला, तर पुण्याचा माणूस म्हणेल ‘जेवतोय’, नागपूरचा ‘जेवून राहिलो’, कोल्हापूरचा ‘जेवाय लागलोय’ आणि लातूर-नांदेडकडचा ‘जेवायलोय’. पुस्तकी मराठीत ‘जेवायला लागलो’ म्हणजे सुरुवात केली; कोल्हापुरात भात संपत आला तरी माणूस ‘जेवाय लागलोय’च म्हणतो. नागपुरी ‘राहिलो’ला पुष्कळ लोक हिंदीची भेसळ म्हणतात. मला ते घाईचं वाटतं. खानदेशात अहिराणीतही ‘काय करी राहिना?’ असंच विचारतात.

ब्रिटिश काळातले भाषा-अभ्यासक ग्रियर्सन यांच्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. बोली एकमेकींशी ताडून पाहता याव्यात म्हणून त्यांनी बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट ठिकठिकाणच्या बोलीत सांगून घेतली होती. गोष्ट तीच, बाप तोच, मुलगेही तेच. पण कुठे ‘मला’, कुठे ‘मले’, कुठे ‘माका’. माणसाचा मुलूख असा प्रत्ययांत असतो, आणि स्वतःच्या प्रत्ययांकडे कुणाचं लक्ष नसतं.

बायकांच्या बोलण्यात तर एकच वाक्य पुरतं. पुण्याची बाई ‘मी आले’ म्हणते, मुंबईची बहुधा ‘मी आली’, आणि कोल्हापूरकडची ‘मी आलो’. ‘आलो’ म्हणणाऱ्या मुलीला इथे वर्गात, वसतिगृहात, कचेरीत हसतात. चार दिवसांत ती ‘आले’ म्हणायला लागते, आणि पुढे कितीतरी दिवस प्रत्येक वाक्याआधी क्षणभर थांबते. त्या थांबण्यावरूनही मला कळतं, आणि ते कळलेलं मला मुळीच आवडत नाही. जिची आई, आजी, शेजारीण सगळ्या ‘आलो’ म्हणत आल्या, तिचं काय चुकलं?

मराठी मातृभाषा नसलेल्यांचं वेगळं. त्यांचं व्याकरण पुष्कळदा आपल्यापेक्षा नेटकं असतं. ‘च’ आणि ‘ज’ मात्र अडतात. आपल्याकडे हे दोन-दोन आहेत, हे आपल्यालाही कुणीतरी सांगितल्यावरच कळतं, कारण लिहिताना अक्षर एकच. ‘चंद्र’ म्हणून पाहा आणि लगेच ‘चांदणं’ म्हणा. जीभ जागा बदलते. ‘तो गावाला जात होता’ यातला ‘जात’ आणि माणसाची ‘जात’ कागदावर सारखे, तोंडात वेगळे. ‘चमचा’तले दोन्ही ‘च’ दाताजवळचे, पण ‘चमचे’ झाले की दुसरा टाळूकडे सरकतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतही तेच. ‘इ’, ‘ए’ किंवा ‘य’ आला की बहुतेक शब्दांत हा बदल होतो, एवढा नियम सांगता येतो. बाकीचं कानानेच शिकावं लागतं.

गावांच्या नावांत दोष त्यांचा नसतोच. रोमन पाटीवर ‘ळ’ आणि ‘ल’ एकच, ‘ण’ आणि ‘न’ एकच, म्हणून लोणावळ्याचं लोनावला होतं. हिंजवडीचं हिंजेवाडी झालं, तेही रोमन स्पेलिंगमुळेच. परळला परेल आणि वरळीला वर्ली म्हणणारे मराठी लोकही मुंबईत भरपूर आहेत.

मला खरी काळजी वाटते ती ओळखल्यानंतर आपण काय करतो याची. एखादा ‘च’ टाळूला लागला की आपण तत्क्षणी हिंदीत शिरतो. आपल्याला ती मदत वाटते. समोरच्याला मात्र त्याची मराठी नाकारल्यासारखी वाटते. माझे विद्यार्थी सर्वांत जास्त तक्रार याचीच करतात : आम्ही मराठीत विचारतो, उत्तर हिंदीत येतं. वर्गात मी त्यांना तासभर ऐकवू शकते. उरलेला दिवस रिक्षावाले, शेजारी, सहकारी आणि दुकानदार यांच्या हातात असतो. बिहारहून आलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीला ‘जुडी’तला ‘ज’ वर्गात काही केल्या जमेना. मंडईतल्या भाजीवाल्या मावशींनी तिच्याशी कधीच हिंदी काढली नाही. मेथी हातात देताना प्रत्येक वेळी ‘घे, ही जुडी ताजी हाय’ म्हणत राहिल्या. पावसाळा संपेपर्यंत तिचा ‘ज’ दाताला लागला होता, आणि ‘आहे’च्या जागी ती ‘हाय’ही म्हणू लागली होती. तो ‘हाय’ मी दुरुस्त केला नाही.