अर्धं येणाऱ्यांचा वर्ग

साक्षरता वर्गाच्या यादीत सगळ्यांच्या नावापुढे एकच शब्द असतो, निरक्षर. प्रत्यक्ष वर्गात बसलेली माणसं मात्र एकसारखी निरक्षर कधीच नसतात. कुणाला अक्षर येतं पण शब्द जुळत नाही, कुणाचा हिशोब तोंडी पक्का असतो आणि कागदावर शून्य, तर कुणी आयुष्यात पहिल्यांदाच पेन्सिल धरलेली असते. या सगळ्यांना एका सतरंजीवर बसवून कसं शिकवायचं, याचा माझा हा अनुभव आहे.

आमचा वर्ग उत्तर नागपुरात, इंदोऱ्याजवळच्या एका विहाराच्या सभागृहात संध्याकाळी भरतो. केंद्र सरकारच्या 'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमातून तो चालतो. २०२२ ते २०२७ असा या कार्यक्रमाचा काळ आहे, तो १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे आणि शिकवणारे सगळे स्वयंसेवक, विनामानधन. शेवटी परीक्षा असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण, एकूण १५०, आणि उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. राज्यात ही परीक्षा पहिल्यांदा १७ मार्च २०२४ रोजी झाली. आमच्या वर्गाची तयारीही मार्चच्याच हिशोबाने चालली होती.

सुरुवातीलाच अडचण समोर आली. प्रवेशिकेचं, म्हणजे वर्गाच्या वाचनपुस्तकाचं, पहिलं पान उघडलं की भंडाऱ्याकडून लग्न होऊन आलेल्या, चार घरी स्वयंपाक करणाऱ्या ताई दोन मिनिटांत वही मिटून बसायच्या. "हे तं मले येते मॅडम, मी तिसरीपर्यंत शिकली न." त्यांच्या शेजारच्या आजींची पहिली उभी रेघ अजून निम्म्यावर असायची. ई-रिक्षा चालवणारे दादा छिंदवाड्याकडे चौथीपर्यंत हिंदीत शिकलेले, त्यांना तर पुस्तकाकडे बघायचीही गरज वाटत नव्हती. आणि हातगाडीवर संत्री विकणाऱ्या मावशी दर थोड्या वेळाने विचारायच्या, "हिशोब कधी शिकवता जी?"

मी प्रवेशिका काही दिवस बाजूला ठेवली आणि एकेकाला जवळ घेऊन बसले. समोर पाचशेची नोट, विजेचं बिल, त्यांचाच मोबाइल आणि बुद्धवंदनेचं एक पान. "यातलं काय काय ओळखता?" एवढंच विचारायचं आणि ते सांगतील ते वहीत लिहायचं. काय येत नाही, हे मुद्दाम विचारलं नाही. मोठ्या माणसाला त्याचं न येणं आयुष्यभर पुरेसं ऐकवलेलं असतं. या बसण्यातून जे कळलं, त्यावर पुढचा सगळा वर्ग उभा राहिला.

आकड्यांचंच बघा. इंग्रजी आकडे जवळपास सगळ्यांना येत होते, कारण फोन लावायचा तर ते लागतात. देवनागरी आकडे मात्र अनोळखी. उपाय नोटेवरच होता. नव्या मालिकेच्या नोटांवर किंमत इंग्रजी आकड्यात असते तशी देवनागरीतही छापलेली असते. रोज हातातून जाणाऱ्या नोटेवर ५०० हे असंही लिहिलेलं आहे, हे दाखवल्यावर मावशींनी कनवटीची पिशवी काढली आणि दहा, वीस, पन्नास, शंभर अशा एकेक नोटा मांडून स्वतःच वाचायला घेतल्या.

मावशींचं तोंडी गणित ऐकण्यासारखं होतं. ८० रुपये किलोची संत्री, पावणेदोन किलो, किती झाले? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर, एकशे चाळीस. कसं काढलं, विचारलं. "दोन किलोचे एकशे साठ झाले, त्यातले पावाचे वीस काढले. त्यात का आहे जी?" मी फळ्यावर तेच मांडलं, १६० वजा २० बरोबर १४०. मावशी बराच वेळ फळ्याकडे बघत राहिल्या. आपण रोज गाडीवर जे करतो ते लिहिता येतं आणि ते असं दिसतं, हे त्यांना तेव्हा कळलं. वजाबाकी मी त्यांना शिकवली असं म्हणताच येत नाही, फक्त तिचं चिन्ह दाखवलं. याउलट तिसरी शिकलेल्या ताईंना उभी मांडणी येत होती, पण पावणेदोन म्हटलं की त्या थांबायच्या. त्या दोघींना मी शेजारी बसवलं. एकीने बोलायचं, दुसरीने मांडायचं, मग उलट.

लिहिताना मावशी एका जागी मात्र सारख्या अडायच्या. पंचेचाळीस सांगितलं की ५४ लिहायच्या, कारण कानावर पाच आधी पडतो. समजावून फरक पडेना. मग दहाच्या चार नोटा आणि रुपयाची पाच नाणी हातात दिली. पैसे देताना आधी नोटा, मग चिल्लर, तसंच लिहायचं. यानंतर चूक झाली तरी ती त्यांची त्यांना दिसायची.

आजींची गोष्ट वेगळी. शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत, पण अख्खी वंदना तोंडपाठ. त्यांच्या वडिलांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली होती. आजी दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरच्या दुकानांतून एक तरी पुस्तक घेऊन येतात आणि नातवाकडून वाचून घेतात. ते स्वतः वाचायचं, यासाठी त्या वर्गाला आल्या होत्या. अशा माणसाला 'कमळ' आणि 'नळ'पासून सुरुवात करायला लावणं मला पटेना. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी १९६३ साली आंजिकोस या गावात सुमारे ३०० शेतमजुरांना त्यांच्याच रोजच्या बोलण्यातले शब्द घेऊन लिहायला-वाचायला शिकवलं होतं. आजींच्या तोंडी तर आख्खी वाक्यं तयार होती.

'बुद्धं सरणं गच्छामि' मोठ्या अक्षरात लिहून दिलं. जोडाक्षरं आहेत, अवघड आहे, असं माझ्या सोबतच्या शिक्षिका म्हणाल्या आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण खरी अडचण निराळीच निघाली. आजी वाचत नव्हत्या, म्हणत होत्या. आवाज 'गच्छामि'वर पोचायचा तेव्हा बोट अजून 'सरणं'वर असायचं. म्हणून त्या ओळीच्या पट्ट्या कापल्या, एकेका पट्टीवर एकेक शब्द, आणि उलटसुलट करून ठेवल्या. आता पाठांतर कामाला येईना, अक्षराकडे बघावंच लागे. 'बुद्धं', 'धम्मं', 'संघं' या तीन पट्ट्या वेगळ्या ओळखायला आजींना बरेच दिवस लागले. एके संध्याकाळी त्यांनी 'धम्मं'ची पट्टी उचलली, दोन वेळा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "यात म दोनदा आहे वो बाई." मी त्या दिवशी दुसरं काही शिकवलं नाही.

सगळ्यात जास्त मेहनत लागली ती तिसरी शिकलेल्या ताईंवर. कोरी पाटी असलेल्याला काय येत नाही ते ठाऊक असतं. अर्धं येणाऱ्याला येतंय असं वाटतं आणि ते सोडवून पुन्हा बांधावं लागतं. ताईंना पहिलं अक्षर वाचून बाकीचा शब्द अंदाजाने ठोकायची सवय होती. बहुतेकदा अंदाज बरोबर यायचा, म्हणून ती सवय इतकी वर्षं टिकली. मी त्यांच्यासाठी आपल्याच आसपासच्या गावांची यादी केली. काटोल, कामठी, कळमना, कळमेश्वर, कन्हान, कुही, कोंढाळी. सगळी 'क'ची, त्यामुळे अंदाज बांधायला जागाच नाही. पहिल्या दिवशी त्या चिडल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या मनाने 'करंभाड' आणि 'केळवद' लिहून आणलं.

ई-रिक्षावाल्या दादांबद्दल सोबतच्या शिक्षकांचं म्हणणं पडलं, त्यांना आजींच्या मदतीला बसवा. ज्याला जास्त येतं त्याला मदतनीस करणं हा सोपा मार्ग आहे, पण तेही दिवसभर राबून शिकायलाच आलेले असतात. मी त्यांना विचारलं, तुम्हाला कशासाठी हवंय? बँकेची स्लिप दुसऱ्याकडून भरून घ्यावी लागते, ते थांबवायचं होतं. मग त्यांच्यासाठी स्लिपा, अर्ज, पत्ता लिहिणं हाच अभ्यासक्रम झाला. मराठी वळणाचा ल आणि श त्यांना नवा होता. ळ लिहायला ते सारखे विसरायचे, म्हणून सरावाला कळमना आणि कळमेश्वर त्यांनाही दिले.

डिसेंबरात सगळे मिळून मेट्रोने बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला गेलो. इंदोरा चौकात बसलो आणि प्रत्येक स्टेशनची पाटी कुणी वाचायची ते आधीच ठरवलं. कडबी चौक आजींना, कारण 'चौक' त्यांना इंदोऱ्यालाच ओळखता आला होता. गड्डीगोदाम मावशींना, कस्तुरचंद पार्क ताईंना. गाडी सुटायच्या आत वाचायचं असल्याने सगळे डब्याच्या दाराशी. 'कस्तुरचंद'मधला स्त ताईंनी अडखळत का होईना, अंदाज न करता वाचला.

मार्चला परीक्षा झाली. मावशी, ताई आणि दादा उत्तीर्ण झाले. आजींना वाचनात चांगले गुण पडले, लेखनात कमी पडले आणि 'सुधारणा आवश्यक' असा शेरा आला. त्या पुन्हा बसणार आहेत. हात थरथरतो म्हणून त्यांना आता जाड पेन्सिल आणि मोठ्या चौकटींची वही दिली आहे, आणि त्या रोज फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव लिहितात. दादांना इंग्रजी अक्षरं हवी आहेत, सवारीचे पैसे फोनवर येतात आणि पाठवणाऱ्याचं नाव इंग्रजीत दिसतं म्हणून. नव्या नोंदणीत या खेपेला बांधकामावरचे दोन गवंडी आले आहेत. त्यांना इंच-फूट तोंडपाठ आहेत, तेव्हा त्यांच्यापुढे नोट आणि बिलासोबत टेपही ठेवणार आहे.